घरच्या घरी केलेल्या बदलानंतर मोटारीचा टचस्क्रीन बिघडला तर दोष कसा शोधावा

अमेरिकेत वापरलेली गाडी विकत घेणाऱ्यांना एक उणीव पहिल्याच आठवड्यात जाणवते. इंजिन उत्तम असते, टायर बरे असतात. परंतु डॅशबोर्डवरील पडद्याला ॲपल कारप्ले अथवा अँड्रॉइड ऑटो ठाऊक नसते. मग कोणी सुटे भाग मागवतो, एखादा शनिवार राखून ठेवतो आणि मित्राच्या गॅरेजमध्ये डॅशबोर्ड उघडतो. काम बहुधा साधते. मात्र काही दिवसांनी पडदा आपोआप कळा दाबल्यासारखा वागू लागतो, रेडिओचे केंद्र बदलतो, भलत्यालाच फोन लावतो, किंवा पूर्ण काळा पडतो. डीलरकडे नेल्यास ‘संपूर्ण युनिट बदलावे लागेल’ असे उत्तर मिळते आणि अंदाजपत्रकात चार आकडी रक्कम येते. प्रस्तुत लेख बिघाड दिसणे आणि ती रक्कम मोजणे यांच्या मधल्या काळाविषयी आहे. या काळात दोष नेमका कोठे आहे हे शोधता येते, आणि पुष्कळदा तो महागड्या भागात नसतो.

उदाहरण म्हणून माझदा कंपनीच्या २०१४ ते २०१८ या सालांतील माझदा-३ ही गाडी घेऊ. या गाडीत ‘माझदा कनेक्ट’ ही यंत्रणा आहे. सात इंचांचा पडदा डॅशबोर्डवर उभा असतो, संगणक त्याच्यापासून वेगळा, आतल्या बाजूस बसवलेला असतो आणि दोन आसनांच्या मधोमध फिरवण्याची व दाबण्याची गोल कळ असते. कारप्ले २०१४ मध्ये बाजारात आले. माझदाने आपल्या जुन्या गाड्यांसाठी त्याचा अधिकृत संच अमेरिकेत २०१८ मध्ये आणला. संचाची किंमत १९९ डॉलर आणि मजुरी वेगळी होती. त्यात प्रामुख्याने नवा यूएसबी हब आणि संगणकापर्यंत जाणाऱ्या केबल असतात; सोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती ७० किंवा त्यापुढची असावी लागते. मजुरी वाचवण्यासाठी असंख्य मालकांनी हे काम स्वतः केले. याच पिढीच्या पडद्याला आपोआप स्पर्श नोंदवण्याची खोडही आहे, आणि मालकांमध्ये ती ‘भूतस्पर्श’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने प्रसिद्ध आहे. घरी केलेला बदल आणि मुळातला दुबळेपणा एकाच गाडीत भेटत असल्याने हे उदाहरण बोधक ठरते. पुढच्या पिढीच्या, २०१९ च्या माझदा-३ मध्ये कंपनीने पडद्यावरील स्पर्शाची सोयच काढून टाकली.

एक पडदा, चार भाग

आपण ज्याला टचस्क्रीन म्हणतो ती एक वस्तू नसून किमान चार वस्तू आहेत. चित्र दाखवणारा पटल हा पहिला भाग. त्याच्यावर चिकटवलेली, बोट ओळखणारी पारदर्शक काच हा दुसरा. या दोहोंना संगणकाशी जोडणाऱ्या केबल हा तिसरा. आणि खुद्द संगणक, त्याचे सॉफ्टवेअर, स्मृती व वीजपुरवठा हा चौथा. चित्र स्वच्छ दिसत आहे पण स्पर्श चुकतो आहे, याचा अर्थ पटल शाबूत आहे. चित्रच नाही पण आवाज येतो आहे, याचा अर्थ संगणक बहुधा जिवंत आहे. एवढा भेद केला तरी निम्मे काम होते. डीलरच्या दृष्टीने हे चारही भाग मिळून एक-दोन सुटे भाग असतात, कारण त्याच्या यादीत काच स्वतंत्रपणे मिळत नाही. त्याने पूर्ण युनिट सुचवले म्हणजे तो फसवतो आहे असे नव्हे. त्याला तसेच शिकवलेले असते.

बोट ओळखण्याच्याही दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत दोन पातळ थर दाबाने एकमेकांना टेकतात. तिथे नखाने, पेनाच्या टोकाने किंवा हातमोजा घालूनही काम होते. नव्या पद्धतीत काचेवरील वाहक थरात विद्युतभार असतो आणि बोट जवळ आले की तो बदलतो. फोर्डच्या ‘मायफोर्ड टच’ या यंत्रणेचा पडदा दाबाचा होता, तर तिच्या जागी २०१६ च्या गाड्यांपासून आलेल्या ‘सिंक ३’चा पडदा विद्युतभाराचा आहे. जुनी फोर्ड घेऊन ती सिंक ३ वर नेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी: नव्या पडद्याला लोकरीच्या हातमोज्याचा स्पर्श कळला नाही तर तो बिघाड नव्हे. शिवाय तिथे नव्या संगणकाला आपण कोणत्या गाडीत बसलो आहोत हे सांगावे लागते. कॅमेरा आहे की नाही, वातानुकूलन कोणत्या प्रकारचे आहे, स्टिअरिंगवर कोणत्या कळा आहेत, ही माहिती त्यात भरलेली नसेल तर पडदा चालतो पण कॅमेऱ्याचे चित्र येत नाही. जोडणीत दोष शोधत संध्याकाळ घालवण्यापूर्वी ही नोंद तपासावी.

कावळा आणि फांदी

बदल केल्यानंतर बिघाड झाला म्हणजे बदलामुळेच झाला, असे आपले मन लगेच ठरवते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे इथे वारंवार घडते. सिएटल परिसरातील २०२२ सालची घटना याचा उत्तम दाखला आहे. त्या वर्षीच्या जानेवारीच्या अखेरीस तेथील २०१४ ते २०१७ या सालांच्या अनेक माझदा गाड्यांचे रेडिओ केयूओडब्ल्यू या ९४.९ एफएम केंद्रावर अडकून बसले. केंद्र बदलेना, ब्लूटूथ चालेना, नकाशा दिसेना, कॅमेरा लागेना. संगणक बंद पडून पुन्हा सुरू होण्याच्या फेऱ्यात सापडला होता. कारण निघाले ते असे: केंद्राच्या एचडी रेडिओ प्रक्षेपणातून काही चित्रफाइली नावापुढील प्रकारदर्शक अक्षरांशिवाय गेल्या होत्या आणि जुन्या सॉफ्टवेअरला त्या उलगडता आल्या नाहीत. संगणक बदलण्याचा खर्च सुमारे १,५०० डॉलर सांगितला गेला. पुढे माझदाने बाधित मालकांना तो भाग विनामूल्य देण्याची तयारी दाखवली. त्या आठवड्यात ज्याने स्वतः केबल बदलली असेल, त्याने स्वतःलाच किती दोष दिला असेल याची कल्पना करावी.

टेस्लाचे प्रकरण याहून मोठे आहे. मॉडेल एस (२०१२ ते २०१८) आणि मॉडेल एक्स (२०१६ ते २०१८) या गाड्यांपैकी सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये परत बोलावल्या. मध्यवर्ती पडदा बंद पडत होता. दोष मात्र पडद्यात नव्हता. संगणकातील ८ जीबीच्या स्मृतिचिपवर नोंदी सतत लिहिल्या-पुसल्या जात होत्या आणि अशी चिप मर्यादित वेळाच लिहिता येते. ती मर्यादा पाच-सहा वर्षांत संपत होती. पडद्यासोबत मागचा कॅमेरा आणि काचेवरील धुके घालवण्याची नियंत्रणेही जात होती. ज्या गाडीत सतत काही ना काही साठवले जाते तिथे ‘पडदा गेला’ या वाक्याचा अर्थ ‘स्मृती झिजली’ असाही असू शकतो.

शोधाचा क्रम

प्रथम काहीही न उघडता दोन-तीन दिवस निरीक्षण करावे आणि ते लिहून ठेवावे. भूतस्पर्श कधी होतो: फोन जोडलेला असताना की नसतानाही? सकाळी थंड गाडीत की दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत? पडद्याच्या एकाच कोपऱ्यात की सर्वत्र? माझदाच्या या यंत्रणेत गाडी वेग घेऊ लागली की स्पर्श बंद होतो आणि केवळ गोल कळ चालते. तेव्हा सिग्नलला थांबल्यावर त्रास सुरू होत असेल आणि चालू लागल्यावर थांबत असेल, तर संशय काचेवर घ्यावा. ॲरिझोना, टेक्सास यांसारख्या राज्यांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात का, हेही तिरप्या उजेडात पाहावे. अशा रेषा दिसल्या तर बहुतेक उत्तर हाती आले. त्या आपल्या पेचकसाने पडलेल्या नसतात.

त्यानंतर बाहेरची साधने एकेक करून दूर करावीत. सिगरेट-लायटरच्या जागी लावलेला स्वस्त चार्जर हा दुर्लक्षित गुन्हेगार आहे. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट विद्युतभारावर चालणाऱ्या काचेला बोटासारखा भासू शकतो. चार्जर काढला, फोनची केबल काढली, कडेने सुटलेला संरक्षक कागद सोलला, पडदा किंचित ओलसर कापडाने पुसून कोरडा केला. एवढ्यानेच प्रश्न मिटल्याची उदाहरणे कमी नाहीत. फोनची केबल बदलून पाहावी. फोन चार्ज होतो पण कारप्ले उघडत नाही, या लक्षणात केबलमधील माहितीच्या तारा, हबची जोडणी किंवा सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती यांपैकी एक कारण असते. पडद्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

मग यंत्रणा नव्याने सुरू करावी. प्रत्येक कंपनीची कळांची जोडी निराळी असते: सिंक ३ मध्ये पॉवरची आणि पुढच्या गाण्याची कळ एकत्र सुमारे दहा सेकंद दाबतात, टेस्लात स्टिअरिंगवरील दोन्ही चाके दाबून धरतात. आपल्या गाडीची रीत मालकासाठीच्या पुस्तिकेतून पाहावी. नव्याने सुरू केल्यावर दोष तासभर गायब होऊन परतत असेल तर सॉफ्टवेअर किंवा स्मृतीकडे वळावे. क्षणभरही गायब होत नसेल तर तार किंवा काच.

वीजपुरवठा मोजायला वीस डॉलरचा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.७ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान आकडा अपेक्षित असतो. बंद गाडीत तो १२ च्या खाली असेल तर पडद्याच्या तक्रारी बाजूला ठेवून आधी बॅटरी पाहावी. इतर कंपनीचा रेडिओ बसवलेला असेल तर तारांची अदलाबदल ही नेहमीची चूक असते: अशा संचात पिवळी तार कायम विजेची, लाल किल्लीसोबत सुरू होणारी आणि काळी जमिनीची असते. पिवळी आणि लाल उलट जोडल्यास प्रत्येक वेळी सर्व मांडणी पुसली जाते आणि रात्रभरात बॅटरी उतरू शकते. मागच्या कॅमेऱ्याबाबतही जपावे. काही मूळ कॅमेरे १२ नव्हे तर ६ व्होल्टवर चालतात आणि थेट जोडल्यास कायमचे जळतात.

डॅशबोर्ड उघडण्याची वेळ यानंतर येते. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि एअरबॅगसाठी पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. प्रवाशाच्या एअरबॅगचा दिवा आणि धोक्याच्या दिव्यांची कळ याच भागात असते. कोणतीही जोडणी सुटलेली असताना किल्ली फिरवू नये, अन्यथा एअरबॅगचा इशारा उजळतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. मिनेसोटा किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात कोरड्या हवेमुळे अंगावर स्थिर वीज साठते. भाग हाताळण्यापूर्वी गाडीच्या धातूला हात लावून ती जाऊ द्यावी. प्लॅस्टिकच्या खिट्या पेचकसाने नव्हे, प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने उचलाव्यात. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे. स्क्रू उरला तर तो कुठला होता हे छायाचित्रच सांगते, आठवण नव्हे.

आत सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे काचेकडून येणारी, कागदासारखी पातळ चपटी केबल. तिच्या सॉकेटला अगदी लहान खिटी असते. ती आधी उघडायची, केबल सरळ तळाशी टेकवायची आणि मग बंद करायची. केबल केसभर तिरकी राहिली तर स्पर्श एका बाजूस सरकतो किंवा पूर्ण नाहीसा होतो. नव्या कारप्ले केबलचा वेटोळा मागे नीट न बांधल्यामुळे तो या किंवा शेजारच्या जोडणीवर दाब देत राहतो, हा घरगुती कामात वारंवार आढळणारा प्रकार आहे. खड्ड्यातून गेल्यावरच त्रास होत असेल तर प्रथम इथेच पाहावे.

निर्णायक कसोटी हीच केबल देते. ती सोडवून, बाकी सर्व जोडून, यंत्रणा सुरू करावी. भूतस्पर्श थांबला तर दोष काचेत. तसाच सुरू राहिला तर काच निर्दोष आणि संगणकाकडे पाहणे आले. पाच मिनिटांची ही परीक्षा हजारभर डॉलरचा प्रश्न सोडवते. माझदा-३ मध्ये तर ती अनेकांसाठी उपायच ठरली आहे: केबल कायमची सोडून ठेवायची आणि सर्व काही गोल कळेने चालवायचे. स्पर्श हवाच असेल तर निव्वळ काच बाजारात वेगळी मिळते आणि पूर्ण युनिटच्या मानाने बरीच स्वस्त पडते. ती चिकटवण्याच्या कामाला मात्र स्थिर हात आणि धूळ नसलेली जागा लागते. पहिल्यांदाच करणाऱ्याने मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे पटल घेऊन जाणे अधिक शहाणपणाचे.

सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी. उत्तर अमेरिकेसाठीचीच आवृत्ती घ्यावी; युरोप किंवा जपानची घातल्यास गुंता वाढतो. अद्ययावतीकरण अर्ध्यावर असताना वीज गेली तर चांगला संगणक निकामी होऊ शकतो, म्हणून बॅटरीला चार्जर लावावा किंवा इंजिन चालू ठेवावे. इंजिन चालू ठेवायचे असेल तर गाडी उघड्या जागेत उभी असलीच पाहिजे. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनही, इंजिन अर्धा तास चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो घरात शिरतो.

कॅमेरा बंद असेल तर

पडदा बिघडल्यावर गाणी ऐकू येत नाहीत याचे दुःख करण्याचे कारण नाही. मागचे दिसत नाही ही खरी अडचण आहे. २००२ साली न्यूयॉर्कमधील लाँग आयलंड येथे दोन वर्षांचा कॅमरॉन गलब्रॅन्सन हा मुलगा घराच्या अंगणातच, वडील गाडी मागे घेत असताना, गाडीखाली सापडून मरण पावला. त्याच्या नावाने झालेल्या कायद्यातून पुढे नियम निघाला आणि १ मे २०१८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या, १०,००० पौंडांपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक नव्या गाडीत मागचे दृश्य दाखवणे बंधनकारक झाले. रिव्हर्स गिअर टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र दिसले पाहिजे, अशी अटही त्यात आहे. घरी केलेल्या बदलानंतर हीच दोन सेकंदांची चाचणी घ्यावी: थंड गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाकावा. इतर कंपन्यांचे काही स्वस्त पडदे सुरू व्हायलाच अर्धे मिनिट घेतात आणि तोवर गाडी अंगणातून रस्त्यावर आलेली असते. भारतातून आलेले आजी-आजोबा नातवंडाला घेऊन अंगणात उभे राहतात, हे आपल्या घरांतले रोजचे चित्र आहे. चित्र येत नसेल तोवर गाडीमागे चालत एक फेरी मारूनच बसावे.

हक्कांविषयी थोडेसे

‘तुम्ही गाडी उघडली, वॉरंटी गेली’ हे वाक्य ऐकून पुष्कळ जण निमूटपणे परततात. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, केवळ इतर कंपनीचा भाग वापरला किंवा स्वतः काम केले म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळे किंवा कामामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावे लागते. अर्थात केबल आपणच चेपली असेल तर हा कायदा वाचवणार नाही. नकार मिळाल्यास तो कारणासह लेखी मागावा.

गाडीच्या संगणकातील सॉफ्टवेअर उघडणे हा वेगळा विषय आहे. कॉपीराइट कायद्यातील कुलूप-बंदीला २०१५ मध्ये वाहनदुरुस्तीसाठी सवलत मिळाली, पण मनोरंजन यंत्रणा तेव्हा वगळलेली होती. २०१८ मध्ये ते बंधन सैल झाले आणि दुरुस्तीसाठी मालकाच्या वतीने दुसऱ्यानेही काम करण्यास वाव मिळाला. वर्गणीवर चालणाऱ्या सेवा फुकट मिळवण्यासाठी मात्र ही सवलत नाही.

पैसे खर्च करण्यापूर्वी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर गाडीचा १७ अक्षरांचा क्रमांक टाकून परत-बोलावणीची नोंद पाहावी. नोंद असल्यास दुरुस्ती विनामूल्य होते, मग गाडी तिसऱ्या मालकाची का असेना. नोंद नसली तरी त्याच गाडीविषयीच्या इतरांच्या तक्रारी आणि कंपनीने डीलरांना पाठवलेल्या तांत्रिक सूचना तिथे वाचता येतात. या सूचना म्हणजे परत-बोलावणी नव्हे, पण डीलरसमोर सूचनेचा क्रमांक ठेवला की संभाषणाचा सूर बदलतो. स्वतःची तक्रार तिथेच किंवा ८८८-३२७-४२३६ या क्रमांकावर नोंदवता येते. बिघाड झाला तेव्हाचा वेग, गाडीचे धावलेले मैल, तारीख आणि आपण कोणता भाग बदलला होता हे चारही त्यात प्रामाणिकपणे लिहावे. काढलेला मूळ हब आणि केबल फेकू नयेत. डीलरकडे तपासणीस जाण्याआधी त्या परत बसवून दोष टिकतो का हे पाहता येते, आणि टिकला तर बदलाकडे बोट दाखवण्याची जागा उरत नाही.